सुयुन-अकाची अकरा जुलै

आमच्या कुमतेपा गावात सुयुन-अकाला खोटारडा म्हणायला कुणाची परवानगी लागत नसे. तसं आम्ही त्याला अका, म्हणजे दादा, म्हणत असू, आणि एरवी माणूस सरळ. कुणाच्या अध्यातमध्यात नाही, बायकोसमोर आवाज नाही. पण गावाबाहेरच्या हवामान केंद्रात तो रोज उष्णता मोजायचा, आणि तेवढ्यावरून आम्ही त्याला जन्मभर धारेवर धरलं.

पारा चाळीसवर गेला की कामगारांना सुट्टी द्यावी लागते, म्हणून चाळीस कधी म्हणायचंच नाही असा वरून हुकूम आहे, अशी आमच्याकडे सगळ्यांची खात्री. हुकूम कुणी पाहिलेला नाही, पण त्याने काय फरक पडतो? एका उन्हाळ्यात त्याने स्वतः एक्केचाळीस सांगितलं, तर चायखान्यात लगेच ठरलं, म्हणजे खरे सेहेचाळीस असणार.

“अरे, मोजायचं सावलीत असतं,” तो कळवळून सांगायचा. “पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून उंचावर.”

“आम्ही काय पेटीत राहतो का, अका?” तंदूरवाला एरगश विचारायचा. नान थापून थापून त्याचे हात भाजलेले, त्यामुळे उष्णतेवर बोलायचा हक्क आपलाच, असं त्याला वाटे.

दिवस केवढा मोठा, सूर्य कधी उगवला, कधी मावळला, हे सुयुन-अकाने सांगितलं तर मात्र सगळे मुकाट मान्य करत. त्यात कुणाची सुट्टी अडकलेली नव्हती.

त्याचा वाढदिवस अकरा जुलैचा. म्हणजे ऐन चिल्ल्यात, वर्षातल्या सगळ्यात भाजून काढणाऱ्या चाळीस दिवसांत. त्या दिवशीही तो रजा घेत नसे. त्यामुळे त्या एका तारखेचा दरवर्षीचा पारा, ऊन, ढग, सगळं त्याला तोंडपाठ. संध्याकाळी चायखान्यात खरबूज कापलं जाई, आकडा विचारला जाई आणि मग आमचा हशा.

साठी भरली त्या सकाळी तो माझ्याकडे दाढीला आला. नोकरीचाही तो शेवटचा दिवस.

“नोरमुरोद,” तो म्हणाला, “जायच्या आधी एकदा तरी या लोकांनी माझा आकडा खरा मानावा. बाकी काही नको.”

म्हणाला हसतच, पण माझा वस्तरा थबकला. मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी ऊन म्हणजे कहर होता. लोखंडी फाटकाला हात लावला की चटका बसायचा. एरगशने भर दुपारी तंदूर विझवला, जे त्याने बापाच्या मरणाशिवाय कधी केलं नव्हतं. आज सुयुन-अकालाही चाळीस म्हणावंच लागणार, असं चायखान्याने ठरवून टाकलं आणि साक्षीदार म्हणून मला त्याच्याबरोबर धाडलं.

संध्याकाळी, दिवसभरातला सगळ्यात चढा पारा धरून ठेवणारा तापमापक बघायला त्याने पायऱ्या चढून पेटी उघडली. बराच वेळ बघत राहिला.

“एकोणचाळीस पूर्णांक आठ,” तो म्हणाला.

“चाळीस लिही.”

“आठ आहे, नोरमुरोद.”

“मला तर चाळीसच दिसतंय.”

“मग चष्मा कर.”

“अरे बाबा, दोन दशांशाने कुणाचं काय जातं? शेवटचा दिवस आहे, लोक डोक्यावर घेऊन नाचतील!”

त्याने एकोणचाळीस पूर्णांक आठ लिहिलं आणि पेटी लावली. माझं डोकंच फिरलं. असल्या हट्टी माणसाला सुख कोण देणार? चायखान्यापर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

आकडा ऐकताच जो गदारोळ उठला! खरबुजाच्या बिया उडाल्या. “शेवटपर्यंत हुकमाचा ताबेदार!” कुणीतरी ओरडलं. सुयुन-अका खाली मान घालून चहा फुंकत बसला. ते मला बघवेना.

“गप्प बसा!” मी ओरडलो. “मी हातापाया पडलो याच्या, चाळीस लिही म्हणून. नाही लिहिलं याने!”

हसणं थांबलं. एरगशने पियाला खाली ठेवला.

“थांबा,” तो म्हणाला. “आज नोकरी संपली. उद्यापासून वरचा कुणी विचारणार नाही. चाळीस म्हणाले असते तर आपण खांद्यावर घेतलं असतं. तरी एकोणचाळीस? मग अका आधीही खरंच सांगत होते की रे!”

एकाने उठून सुयुन-अकाचा पियाला भरला. सुयुन-अकाचे डोळे भरून आले, ते त्याने लपवलेही नाहीत.

एरगशला आता चेव आला. “अका, माझं लग्नही अकरा जुलैचंच. मी नवरीची ओढणी उचलली आणि ओयनिसा उन्हाने धाडकन खाली! अख्खा गाव साक्षी आहे. पन्नास तरी असेल ना हो?”

सुयुन-अका चुळबुळला. “राहू दे ना, एरगश.”

“राहू दे काय? आता तुमचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. सांगा.”

“एकतीस,” सुयुन-अका हळूच म्हणाला. “सकाळपासून ढग होते. वाराही छान सुटला होता.”

एरगश त्याच्याकडे बघत राहिला. आम्ही सगळे एरगशकडे.

“मग ती बेशुद्ध का पडली?”

“ते आमच्या खात्यात मोजत नाहीत, भाऊ.”