टोमॅटोच्या कुंड्यांत पार्टीचा कचरा

मंडळी, दोनदा हात धुतले तरी किळस जात नाहीये.

इकडे आखातात, अल हैलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी टोमॅटो लावते. इथे भाजीला थंडीचे जेमतेम चार महिने मिळतात, मग ऊन सगळं भाजून काढतं. यंदा पहिल्यांदाच झाडं फळांनी वाकली होती.

आज सकाळी पाणी घालायला गेले, तर झाडं करपलेली! काल रात्री खालच्या मजल्यावरच्या भाऊंची वर बार्बेक्यू पार्टी होती. कुंड्यांत पेटते कोळसे ओतलेले, त्यावर चघळलेली हाडं, सिगारेटची थोटकं आणि गुटख्याच्या पिचकाऱ्या.

मी त्यांचं दार वाजवलं. भाऊ हसून म्हणाले, "अहो वहिनी, राखेचं खतच होतं ना! आणि टोमॅटो काय, सुपरमार्केटात मिळतात की."

"मग वर चला आणि ती हाडं तुमच्या हातांनी वेचा."

"संध्याकाळी बघतो, इन्शाल्ला," म्हणत त्यांनी दार लावलं.

शेवटी मीच सगळं उपसलं. थोडे हिरवे टोमॅटो वाचले होते, पण तोंडात घालवेनात. तेही टाकले. आता नवी रोपं लावली तरी फळ धरायच्या आत उन्हाळा येईल.

मला एवढंच सांगा, ही माणसं घरी जेवून झाल्यावर स्वतःच्या ताटात थुंकतात का हो?