प्रोफेसरबाईंच्या दोघीजणी

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या अमेरिकन प्रोफेसरबाईंइतकी मेलेल्यांची काळजी वाहणारी आणि जिवंतांना वाऱ्यावर सोडणारी बाई त्रिखंडात सापडायची नाही. माझं नाव लक्षात ठेवायला त्यांना तीन वर्षं लागली; पण आमच्या घरात शंभर वर्षांपूर्वी कोण राहायचं, त्याला मुलं किती आणि त्यातलं कुठलं कशानं दगावलं, हे त्यांनी पहिल्याच भेटीत कुंपणावरून सांगून टाकलं. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी त्याच्या पणजीबद्दल इतकं खोदून विचारलं, की तो दोन तास बोलला आणि डोळे पुसत बॉयलर तसाच सोडून निघून गेला. बाई आठवडाभर घरात कोट घालून बसल्या, पण खुशीत होत्या.

मक्याच्या शेतांमधल्या कुठल्याशा गावातून त्या वर्षभराच्या अभ्यासासाठी इंग्लंडला आल्या आणि तीस वर्षं हलल्या नाहीत. आवाज मात्र तिकडचाच राहिला. त्या फोनवर बोलू लागल्या की आम्ही टीव्ही बंद करायचो. चहा मायक्रोवेव्हमध्ये करत, म्हणून पलीकडच्या इंग्रज आजोबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. कचऱ्याचे डबे न्यायच्या दिवशी सकाळी ड्रेसिंग गाऊनवर येऊन आमच्या रिसायकलिंगमधले कागद चाळायच्या. "शॉपिंग लिस्ट फेकतोस?" त्यांनी मला एकदा दरडावलं, "मग उद्याच्या हिस्टोरियननं करायचं काय?"

एवढ्या कारकिर्दीत स्वतःचं पुस्तक मात्र एकच, तेही अपुरं. इंग्रजांच्या राज्यात पुण्याहून एका साहेबाच्या कुटुंबाबरोबर मुलं सांभाळायला रीडिंगला आलेल्या सगुणा आणि लक्ष्मी या दोघींचं. युनिव्हर्सिटीनं बाईंना रिटायर केलं, खोली काढून घेतली, प्रकाशक कंटाळला, तरी पुस्तक चालूच. शेवटी एकदाचं संपलं. ते पाठवायच्या आदल्या आठवड्यात बाई दोघींचा एकेक फोटो घेऊन आमच्याकडे आल्या, कारण पुण्याहून माझी आई आली होती.

"दोघींच्या हनुवटीवर सारखंच गोंदण आहे. मैत्रीची खूण," बाई म्हणाल्या. मी आईला मराठीत सांगत होतो. "पण कुटुंब मधे वर्षभर पुण्याला जाऊन आलं, आणि त्यानंतर साहेबीणबाईंच्या पत्रांत नुसती लक्ष्मी, सगुणा गायब! भांडण झालं असणार. त्यावर माझा अख्खा चॅप्टर आहे."

आईनं चष्मा पुसून दोन्ही फोटो जवळ घेतले. "कसलं भांडण? अरे, एकच बाई आहे ही. मधे लग्न झालं, सासरच्यांनी नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहितात की नाही? सांग तिला."

मी सांगितलं. सगुणा-लक्ष्मीची एवढ्या वर्षांची मैत्री कांदाभजीच्या बशीशेजारी संपली. मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण बाईंचे डोळे भरले होते.

"म्हणजे ती इथे एकटीच होती," त्या म्हणाल्या. मी त्यांना इतक्या हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "मी तिला मैत्रीण दिली होती रे."

मग नाक शिंकरून त्यांनी मला फर्मावलं, "आईला विचार, त्यांचं आधीचं नाव काय होतं?"

आमची आई गावभर सुनीताताई. ती लाजली. "शेवंता," म्हणाली. "पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही." त्या कुणीमध्ये मीही होतो. मला स्वतःची लाज वाटली.

बाईंनी तो चॅप्टर फाडला आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतलं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्या अमेरिकेत बहिणीकडे गेल्या. शेजार इतका शांत झाला आहे की चैन पडत नाही. शॉपिंग लिस्ट फेकताना अजून हात अडखळतो.

जायच्या आधी त्यांनी माझ्याकडून आईचा पुण्याचा पत्ता घेतला होता. त्यांचं पहिलं पोस्टकार्ड तिथे पोचलं तेव्हा सोसायटीचा वॉचमन पोस्टमनला ते परत देत होता. म्हणे, शेवंता नावाचं इथे कुणी राहत नाही. आई गॅलरीतून ऐकत होती. दुखऱ्या पायांनी तीन जिने उतरून ती खाली गेली आणि म्हणाली, "द्या इकडे. मीच ती."