होळीनंतर कितव्या दिवशी

१३ सप्टेंबर. घरचे गौरी-गणपती आदल्या दिवशी पोचते झाले होते. पितळेची समई, तांब्या आणि ताम्हण चिंचेनं घासायला मी अंगणात घेऊन बसले होते. घासायला हात लागतात, डोकं मोकळं असतं. म्हणून जाऊबाईला प्रश्न विचारायचं काम दिलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या मांडवात सामान्यज्ञानाची स्पर्धा होती आणि आम्हाला ती जिंकायची होती.

कारण सरळ होतं. माझी पुतणी, म्हणजे जाऊबाईची मुलगी, पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेचा अभ्यास करते. परीक्षा तोंडावर आलेली. घर दोन खोल्यांचं. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्ही सकाळपासून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा. पोरगी गच्चीच्या जिन्यावर बसून वाचते. तालमीच्या माडीवर अभ्यासिका आहे, टेबलं आहेत, पंखे आहेत, पण तिथं फक्त मुलांना प्रवेश. मुलींसाठी ती उघडा म्हणून अध्यक्षांकडे मी चार वेळा तरी गेले असेन. शेवटच्या वेळी ते हसले.

"वहिनी, प्रश्नमंजूषेत बायकांचा संघ उतरवा. पहिला आला तर चावी तुमच्या हातात देतो की."

त्यांनी गंमत केली होती. मी दुसऱ्याच दिवशी तीन नावं नेऊन दिली. मी, जाऊबाई आणि शेजारच्या मावशी. मावशी सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांना कुणाची भीती वाटत नाही.

"ऑक्टोपसला हृदयं किती?" जाऊबाईनं विचारलं.

"तीन."

"पिल्लाला जन्म देणारा नर मासा?"

"समुद्रघोडा."

"आक्का, आपण समुद्र बघणार गणपतीपुळ्याला, त्येबी पाय भिजवण्यापुरता. त्याच्या पोटात काय हाय ते कशाला पाहिजे?"

"तुझ्या पोरीला टेबल पाहिजे म्हणून. पुढं."

एक खंडी म्हणजे वीस मण. शंभराच्या आत मूळ संख्या पंचवीस. दूरदर्शन रंगीत झालं ब्याऐंशी साली. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून महाराज पोचले विशाळगडावर. बाळाच्या कपाळी नशीब कोण लिहितं, तर सटवाई.

"मी सगळी नोकरी बाळंतिणीच्या वॉर्डात केली," भिंतीपलीकडून मावशी म्हणाल्या. "सटवाई एकदाबी ड्यूटीवर दिसली न्हाय. माझ्या माघारी येऊन लिहून जात असंल."

स्पर्धेला गर्दी चांगली होती. सूत्रसंचालक मुंबईहून आणलेला, अध्यक्षांच्या ओळखीचा. प्रश्न त्याचे, उत्तरंही त्याच्याच हातातल्या कागदावर. पाच संघ होते. तीन फेऱ्यांत तीन गळाले. शेवटी आम्ही आणि तालमीच्या मुलांचा संघ बरोबरीत उरलो. प्रत्येकी एक प्रश्न बाकी होता. आमचा आधी.

"होळीनंतर कितव्या दिवशी रंग खेळतात?"

मला एकदम हायसं वाटलं. कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही हे विचारायची गरज नाही. धुळवडीला इथं घरोघरी मटण शिजतं, तांबडा-पांढरा रस्सा होतो. रंग त्या दिवशी कुणी फारसा हातात घेत नाही. रंग रंगपंचमीला. आम्ही एकमेकींकडे बघितलंही नाही. तिघी एका सुरात म्हणालो, "पाचव्या."

"चूक. दुसऱ्या दिवशी."

मांडवात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "पावणं, धुळवडीला जेवायला या, मग कळंल." सूत्रसंचालकानं कागद वर धरला. त्यावर दुसरा लिहिलं होतं, म्हणजे दुसरा. पुढचा प्रश्न मुलांना. ऑक्टोपसला हृदयं किती? त्यांनी तीन सांगितलं. पहिल्या नंबराची ढाल त्यांच्याकडे गेली.

जाऊबाई खुर्चीतून उठेना. मी उठले आणि माइकपाशी गेले.

"अध्यक्ष, तालमीपुढं रंगाची पिंपं कधी भरता?"

"रंगपंचमीला," ते म्हणाले. पिंपं दरवर्षी तेच भरून घेतात. नाही म्हणणार कसं?

"होळीनंतर कितवा दिवस झाला?"

"पाचवा की, वहिनी."

"पण देशात सगळीकडे..." सूत्रसंचालक म्हणाला.

"प्रश्न कुठल्या गावात विचारलात?" मावशींनी जागेवरूनच विचारलं.

अध्यक्षांनी हात वर केले. "निकाल तो निकाल. ढाल पोरांना दिलीया, आता काढून कशी घेऊ?"

"ढाल राहू द्या त्यांच्याकडं. मला चावी पाहिजे."

"उद्या बघू."

आमच्याकडे उद्या बघू म्हणजे नाही. शहाणा माणूस तिथं घरी जातो. मी विचारलं, "उद्या किती वाजता?"

मांडव पुन्हा हसला, पण या वेळी अध्यक्षांकडे बघून. त्यांनी मान खाजवली. "सातला तालीम उघडती."

घरी येताना जाऊबाई म्हणाली, "आक्का, आपण दुसरा म्हणालो असतो तर?"

"आपण कशाला म्हणू? आपल्याला माहीत होतं ना."

"पुस्तकात तसं असणार, एवढं कळायला पाहिजे होतं. पोरीची परीक्षा पुस्तकावरच होणार हाय."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुतणीला मात्र मी एवढंच सांगितलं की परीक्षेत असा प्रश्न आला तर पर्याय नीट वाच.

दुसऱ्या दिवशी सातच्या आधी मी तालमीच्या दारात होते, हातात केरसुणी, बादली आणि जुनं धोतर. अध्यक्ष स्कूटरवरून आले. बादलीकडे बघून त्यांना काय समजायचं ते समजलं.

"दुपारी बारा ते पाच," चावी पुढं करत ते म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ पोरांची."

"परीक्षा होईपर्यंत सकाळचंही बघू," मी म्हणाले आणि जिना चढले.

माडीवर धूळ बोटभर होती. मुलांनी टेबलांवर कॅरम खेळून पावडर सांडली होती. खिडक्या उघडल्या, केर काढला, टेबलं पुसली, एक पंखा चालत नव्हता त्याखालचं टेबल बाजूला ओढलं. मग पुतणीला फोन करून सांगितलं, पुस्तकं घेऊन बाराला ये, आणि गल्लीतल्या बाकीच्या पोरींनाही घेऊन ये.