मैदानाच्या मातीची शपथ

मोरिवलीतल्या आमच्या घरामागचं मैदान पाण्यावाचून भेगाळलं होतं. आता तिथे गटाराचं पाणी साफ करून मारतात. धूळ बसली, कडेला हिरवळ आली, मुलींचे गुडघे सोलायचे थांबले. माझी मुलगी तिथे कबड्डी खेळते. जिल्ह्याच्या संघाची निवडही तिथेच होणार होती.

ते पाणी मारलं त्या पहिल्याच दिवशी जाऊबाई तिला म्हणाल्या, "काय गं, आमच्या मोरीत लोळून आलीस?" मुलगीही हसली. सासरे हसले नाहीत. खेळाआधी मुली मातीला हात लावून तो कपाळाला लावतात, ते त्यांनी ओट्यावरून पाहिलं होतं. खेळू नको असं ते म्हणाले नाहीत. तिला जवळ बसवून त्यांनी स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, ती माती कपाळाला लावायची नाही.

मुलगी मला म्हणाली, "मातीच्या पाया पडल्याशिवाय मी नाही उतरणार. आणि शपथ मोडली, आजोबांना काय झालं तर?"

शपथ उतरायला ती घालणाऱ्यालाच 'सुटली' म्हणावं लागतं. तेवढा एक शब्द मला हवा होता.

लग्न झाल्यापासून मी सासऱ्यांशी दाराआडूनच बोलते. निवडीच्या सकाळी मात्र चहा ठेवला आणि समोर उभी राहिले. ठरवलेलं सगळं विसरले. कसंबसं म्हटलं, "बाबा, पाणी साफ केलेलं असतं. सुटली म्हणा ना."

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "कंपनीचं पाणी आपल्या शेतात आलं, तेव्हापण साफ करूनच सोडतो बोलले होते. भात काळा पडला. तुझ्या सासूच्या पायांना त्या चिखलाने जखमा झाल्या, त्या शेवटपर्यंत भरल्या नाहीत."

त्यात खोटं काही नव्हतं. हे पाणी तसलं नाही असं मला वाटत होतं, पण नुसतं वाटून काय होतं? चौथी शिकलेली मी, त्यांना काय दाखवणार? "तिच्यासाठी म्हणा," एवढंच पुन्हा म्हटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मुलगी अंगणात केस घट्ट बांधून उभी होती. माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता मैदानावर गेली.

मी मागच्या दारातून बघत होते. ती रेषेबाहेर मांडी घालून बसली होती. निवडीला आलेल्या सरांनी तिचं नाव पुकारलं. परत पुकारलं. ती मान खाली घालून बसून राहिली. मग त्यांनी दुसरीचं नाव घेतलं.