बोयच्या पोटातला चिखल

आमचं घर भिवंडीच्या खाडीला लागून. सासरे खाडीतला बोय मासा पकडायचे. चपटं डोकं, डोळ्यावर चरबीचा पातळ पडदा, एवढी बोय कुणीही ओळखेल. पण म्हातारा तेवढ्यावर थांबेल तर शपथ. बोय चिखल खाते, तिच्या पोटात सुपारीएवढा कडक गोळा असतो. मी मासे साफ करायला बसले की ते शेजारी उकिडवे बसायचे, तो गोळा चिरायचे, आतला चिखल बोटांवर चोळून हुंगायचे. "ही कोन गावाकडची. ही खाडीच्या तोंडाची." कुठल्या भरतीला बोय कुठवर चढते ते त्यांना त्यावरून कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी जाळं तिथंच पडायचं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमचे हे नुकतेच कापड रंगवायच्या कारखान्यात लागले होते. उरलेलं पाणी नाल्यातून खाडीत सोडायचं, ती यांचीच ड्युटी. हे फक्त मला माहीत होतं.

एका सकाळी सासऱ्यांनी चिखल हुंगला, परत हुंगला. "पोरी, याला औषधासारखा वास हाय. तुला येतो का?"

येत होता. बारीकसा, पण यांच्या शर्टाला यायचा तोच. मी मेली एरवी तोंडाळ, सासूलाही ऐकवणारी. पण बापलेकात आग लागेल, नोकरी जाईल, म्हणून म्हटलं, "न्हाय हो बाबा. चिखलाचाच तर येतोय."

आठ दिवस ते रोज विचारत होते आणि मी रोज तेच सांगत होते. नवव्या दिवशी त्यांनी जाळं गुंडाळून पुतण्याला देऊन टाकलं. म्हणाले, "माझं नाक गेलं. ज्याला मासा कळत न्हाय त्यानं लोकांना खाऊ घालू नये." मी चुलीपाशी बसून रडले, पण खरं बोलले नाही.

जाळं गेलं तसा म्हातारा खचलाच. वर्षभरात अंथरूण धरलं. शेवटच्या दिवसांत मी पेज भरवत होते, हे दाराशी चपला घालत होते. सासऱ्यांनी माझा हात धरला.

"पोरी, नाक कधी गेलं ते मला समजलंच न्हाय. त्याच्या आधी तुम्हांला वाईट मासा खाऊ घातला असला तर माफ कर."

हे ड्युटीवर निघून गेले. मी म्हटलं, "खाऊन घ्या बाबा, पेज निवतेय."