सासूबाईंचं ओलं सोवळं

आमच्या तुळजापुरातल्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात होतो. गल्लीतल्या बाकीच्या घरांत बायका आदल्या दिवशी उंच दांडीवर वाळत घातलेलं लुगडं नेसतात, नाहीतर रेशमी. माझ्या सासूबाई मात्र नेसत्या लुगड्यावरच तांबे ओतून घ्यायच्या आणि तशाच ओलेत्यानं चुलीपुढं बसायच्या. पौषातल्या थंडीतसुद्धा. दिवसातून तीनदा. पाटाखाली पाणी साचायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणायच्या, असं कडक सोवळं आता कुणाकडं राहिलं न्हाय. सासूबाई त्यावर काही बोलायच्या नाहीत. गप्प राहून मिरवायची ही चांगली सोय आहे, असं मी मनातल्या मनात म्हणायचे.

मी अणदूरला शाळेत शिकवते. दुसऱ्या बाळंतपणात दीड दिवस कळा दिल्या, मुलगी अंगानं थोराड होती, टाके पडले. त्यानंतर शिंकले की लघवी, हसले की लघवी, कवायतीला पोरांना ‘सावधान’ म्हणून ओरडले तरी लघवी. मी गडद रंगाच्या साड्या नेसू लागले आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? आईला फोनवर एकदा विचारलं, तर ती म्हणाली, लेकरं झाल्यावर व्हतंच तसं, आणि विषय भाजीवर नेला.

एक दिवस नैवेद्याच्या आमटीला मिरचीची फोडणी बसली. मला जोरात ठसका लागला आणि मी उभ्याउभ्या भिजले. सासूबाईंनी आधी फरशीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“मुतलीस व्हय गं? देवाच्या सैपाकात?”

“आत्याबाई, ठसका लागला म्हणून...”

“ठसका मला न्हाय का लागत? बाहेर हो आधी.”

बाहेर झाले ती झालेच. त्या दिवसापासून माझं ताट उंबऱ्याबाहेर. मीठ लागलं तर बाहेरून मागायचं. गल्लीतल्या बायकांसमोर मला नाव पडलं, गळकी. “गळकी आली का शाळंतून?” असं सासूबाई विचारायच्या आणि बायका पदर तोंडाला लावायच्या. पगार माझा घरात चालत होता, फक्त मी चालत नव्हते.

नवऱ्याचं निराळंच. बाळंतपणानंतर ह्यांच्याजवळ जायचं म्हणजे टाक्यांच्या जागी काथ्या घासल्यासारखं दुखायचं. मी दात आवळून पडून राहायचे, कारण नाही म्हणायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. एकदा नेमकी त्या वेळी लघवी आली. हे उठले, मोरीत बराच वेळ हात धूत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांची पथारी ओसरीवर गेली. त्याचंही मला इतकं लागलं नसतं. पण चार दिवसांनी सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, “त्याच्याबी अंगावर केलंस म्हणं.” म्हणजे ह्यांनी जाऊन आईला सांगितलं होतं. मी दोघांचाही मनापासून तिटकारा केला, आणि पुढं तो कमी होऊ दिला नाही.

प्रशिक्षण आहे अशी थाप मारून मी सोलापूरला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मी रडायला लागल्यावर थांबल्या, आणि म्हणाल्या, “ताई, हे स्नायू आहेत. दंडाचे असतात तसेच. सैल पडलेत, आवळायला शिकायचं.” लघवी रोखून धरताना जे आवळतं तेच वर ओढायचं, मनात दहा मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. दुखण्यासाठी मलम दिलं, आणि तुम्हाला नको असेल तेव्हा नको म्हणा आणि हवं असेल तेव्हा हवं म्हणा, असंही सांगितलं. बत्तीस वर्षांची बाई मी, हे वाक्य पहिल्यांदा ऐकत होते. भिंतीवरच्या चित्रात त्यांनी आणखी एक दाखवलं. पुष्कळ बायकांचं अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली उतरतं. त्या लपवतात. साधी रिंग बसवली तरी वर राहतं, नाहीतर ऑपरेशन असतं. “घरात कुणाला असेल तर घेऊन या,” म्हणाल्या. कुणाला नाही, असं मी सांगितलं. तेव्हा ते खरं होतं.

वर्गात पोरं पाढे म्हणायची आणि मी टेबलामागं बसून आवळायचे. बे एके बे पासून बे पंचे दहापर्यंत धरायचं, उरलेल्या पाढ्यात सोडायचं. एकोणतीसचा पाढा येईपर्यंत माझा जीव जायचा. पण चार महिन्यांत मी कोरडी झाले. शाळेतल्या शिपायाची तपकीर मागून घेतली आणि मागच्या पटांगणात मुद्दाम सात वेळा शिंकले. काही झालं नाही. मी तिथंच एकटी हसत उभी राहिले.

ह्यांना सुगावा लागला तशी पथारी आत यायला बघू लागली. मी म्हटलं, “तिथंच बरे आहात.” वर्षभर तसंच ठेवलं. पुढं आत घेतलं ते मला हवं होतं म्हणून, त्यांची दया आली म्हणून नव्हे.

सासूबाईंना मात्र मी सरळ जाऊन सांगितलं, “आत्याबाई, मी बरी झाले. उद्यापासून स्वयंपाकाला येते.”

“मुताचं भांडं घासलं म्हणून देवाला चालतं व्हय?” त्या म्हणाल्या. चुलीवरून मान वर केली नाही.

मग एका रविवारी मोरीचं दार नीट लागलं नव्हतं. सासूबाई उकिडव्या बसल्या होत्या आणि हातानं काहीतरी आत ढकलत होत्या. मुठीएवढं, लालसर. ते आत बसेना. त्यांनी दात आवळले, पुन्हा ढकललं, चिंध्यांची जाड घडी लावून लंगोटासारखी घट्ट बांधली, वरून लुगडं नेसलं आणि त्यावर तांबे ओतायला सुरुवात केली. मी भिंतीला टेकून उभी होते. सगळं एका क्षणात कळलं. ही बाई इतकी वर्षं ओली बसत होती ती कपड्यावरची लघवीची ओल कुणाला कळू नये म्हणून. तिला आमच्यासारखं कोरडं नेसणं परवडणारं नव्हतं.

दया यायला हवी होती. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाईपर्यंत तो माझ्या तोंडावर होता, आणि एका बाईंनी विचारलंदेखील, काय हो, काही गोड बातमी? आत्याबाई, सोलापूरला चला, एवढंच बोलायचं होतं. मी बोलले नाही.

नवरात्रात अष्टमीला आमच्याकडं सवाष्णी जेवायला असतात. मी त्या वर्षी सासूबाईंसाठी रेशमी सोवळं आणलं, फिकं पिवळं, आणि ते सगळ्या बायकांसमोर पुढं केलं. “आत्याबाई, तुमचं वय झालं. ओलेत्यानं सर्दी होईल. आज हे कोरडं नेसा.”

“नगं. माझा नेम हाय.”

“नेसा की हो,” बायका म्हणाल्या. “सून येवढ्या मायेनं आणतीया. कुठं मिळती अशी सून!”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला ठाऊक आहे हे त्यांना त्या घटकेला उमगलं. पण बायकांपुढं नाही म्हणायला कारण सापडेना, आणि त्या नेसून आल्या. पुरणपोळ्या झाल्या, पानं मांडली. कटाच्या आमटीचं पितळी पातेलं चुलीवरून उतरवायचं होतं. ते दोघींचं काम. मी उंबऱ्याबाहेर हात बांधून उभी राहिले, कारण मला आत यायची बंदी होती. सासूबाईंनी एकटीनं पातेलं उचललं, आणि वळल्या तेव्हा मागून फिकं पिवळं रेशीम गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

एका म्हाताऱ्या सवाष्णीनं आपलं पान अलगद आपल्याकडं ओढून घेतलं. सासूबाईंनी पातेलं खाली ठेवलं, हात धुतले आणि स्वतःच्या पायानं उंबऱ्याबाहेर येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी अंघोळ करून आत गेले आणि वाढायला घेतलं.

त्यानंतर तीन वर्षं स्वयंपाकघर माझं. त्यांचं ताट मी बाहेर ठेवायचे. मी त्यांना कधी गळकी म्हटलं नाही. बायका म्हणायच्या, मी फक्त ऐकायचे. त्या चालताना भिंतीला धरू लागल्या, बसताना एका कुल्ल्यावर बसू लागल्या. मी बघत होते. रोज वाटायचं, उद्या सांगू. खोटं कशाला बोलू, रोज वाटायचं नाही. कधीमधी वाटायचं.

शेवटी लुगड्याला रक्त लागलं तेव्हा ह्यांनी गाडी केली. सोलापूरला त्याच डॉक्टरीणबाई होत्या. सासूबाईंना टेबलावर पाय वर करून निजवलेलं, मी डोक्याशी. बाई तपासता तपासता थांबल्या आणि मला ओळखलं.

“तुम्ही शाळेतल्या ना? तुम्हाला तर मी सांगितलं होतं, रिंगचं, चित्र दाखवून. एवढी जखम होईपर्यंत का थांबलात?”

सासूबाईंनी मान भिंतीकडं वळवली. जखम भरल्यावर पुन्हा आणून रिंग बसवली. बसवायला पाच मिनिटं लागली.

बाहेर बाकड्यावर त्या माझ्या शेजारी बसल्या. किती तरी वर्षांनी सरळ बसल्या होत्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. मी उत्तरं तयार ठेवली होती, उंबऱ्याबाहेरच्या ताटाची, मेथी निवडतानाच्या बोलण्याची, सगळ्याची.

त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “कोरडी झाले बघ. आता घेशील का गं मला सैपाकात?”

“डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलंय,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी खरंच तसं सांगितलं होतं. सासूबाईंनी मान हलवली, पदर सारखा केला, आणि गाडी कधी येणार म्हणून विचारलं.