भिंतीवर राहिलेली चिठ्ठी

रविवार, २ नोव्हेंबर २००८. खर्चाचा अंदाज रुपये सात हजार दोनशे सत्तर. हजर: मी, माझी बायको आणि तिचे दोन जुने विद्यार्थी, एक केंदूरचा मुलगा आणि एक दौंडची मुलगी. दोघंही तेव्हा पुण्यात नोकरीला होते. बसलो होतो आमच्या शिरूरच्या स्वयंपाकघरात, कारण घरात मोठं टेबल तेवढंच.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात हिशेब पाहायचो. ही दौंडच्या कॉलेजात गणित शिकवायची, रोज एसटीने जाऊन-येऊन. शिवाय बिनपगारी एक काम करायची. शास्त्रीय आकडेमोडीसाठी लागणारा कोड जगभरची माणसं लिहितात आणि एका जागी ठेवतात. कुणीही फुकट वापरावा, कुणीही दुरुस्त करावा. त्याला लायब्ररी म्हणतात. त्यातला एक भाग हिचा होता. मोजलेल्या विहिरींवरून मधल्या न मोजलेल्या जागी पाणी किती खोल असेल, ते त्यातून काढता यायचं. त्यासाठी वडगाव रासाईच्या नदीकाठच्या आणि केंदूरच्या माळावरच्या विहिरी तिने विद्यार्थ्यांना घेऊन सुट्टीत दोरी सोडून मोजल्या होत्या.

त्या वर्षी जूनमध्ये तिचा आजार कळला. पुण्यात दर तीन आठवड्यांनी केमोचं इंजेक्शन सुरू झालं. दिवाळीत ती म्हणाली, स्प्रिंट घ्यायची. एरवी ईमेलवर काम करणारी माणसं दोन दिवस एका खोलीत बसून अडलेलं उरकतात, ती स्प्रिंट. तिचे बारा जुने विद्यार्थी यायला तयार होते.

"आत्ताच कशाला?" मी विचारलं.

"अहो, बँकेतलं एक खातं एकाच माणसाच्या सहीवर चालत असेल तर तुम्ही काय म्हणाल?"

"दुसरी सही घ्या म्हणेन."

"माझा कोड माझ्या एकटीच्या सहीवर चाललाय."

मला कोड कळत नव्हता. हे कळलं. त्यानंतर मी वाद घातला नाही, खर्चाचा कागद पुढे ओढला.

तारीख ठरायला वेळ लागला. इंजेक्शननंतरचा तिसरा आठवडा तिला बरा जायचा, म्हणजे सहा-सात किंवा तेरा-चौदा डिसेंबर हे दोनच शनिवार-रविवार जवळपास बसत होते. सहा डिसेंबरला आमच्या घरात दुसरं काही ठरत नाही. मग तेरा-चौदा. जागा दौंड, कारण सोलापूरकडून आणि नगरकडून येणाऱ्यांना गाडी थेट. कॉलेजची लॅब मिळत होती. पण तिथे शनिवारी सकाळी आणि रविवारी दुपारी लोडशेडिंग, म्हणून जनरेटर धरला. जेवणं तीन, चौदा माणसांची, पंचेचाळीस रुपये ताट. स्टेशनजवळच्या खाणावळीच्या मावशी करणार होत्या.

कामं वाटायची तिची पद्धत ठरलेली होती. एकेक काम एकेका चिठ्ठीवर लिहून भिंतीवर चिकटवायचं. ज्याला जे करायचं त्याने ती चिठ्ठी काढून घ्यायची. त्या रविवारी तिने पहिली चिठ्ठी स्वतःच्या भागाची लिहिली. "उघडा, मोडा, चुका काढा, पुन्हा लिहा."

केंदूरचा मुलगा हसला. "मॅडम, तुमच्या कोडला हात लावायचा म्हंजी घरातल्या मोठ्या मानसाच्या ताटात हात घातल्यावानी हाय."

"मग घाल की. मी उपाशी राहणार नाही."

"हा आधी स्वतःच्या कोडमधल्या चुका काढू दे," दौंडची मुलगी म्हणाली. "तेवढ्यात दोन दिवस जातील."

सगळे हसलो. स्प्रिंटमधली रविवारची सकाळ तिने फक्त प्रश्नांसाठी ठेवली. प्रत्येकाने तिचा कोड वाचून यायचं आणि तिला उलटसुलट विचारायचं. ते दोघं गेल्यावर तिने मला सांगितलं की कोडमध्ये एक चूक तिला स्वतःलाच सापडली आहे. दोन विहिरींच्या नोंदी एकाच जागेच्या आल्या तर उत्तर कोलमडतं. ती तिने मुद्दाम तशीच ठेवली होती.

"ज्याला ती दिसेल, त्याला सगळं कळलेलं असेल. त्याच्याकडे देऊन टाकते."

तेरा तारखेला, शनिवारी सगळे वेळेवर आले. जनरेटर चालला. चिठ्ठ्या भिंतीवर लागल्या आणि दहा मिनिटांत निम्म्या गेल्या. ही स्कार्फ बांधून, मास्क लावून दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. मी चहाचं पाहत होतो, त्यामुळे भिंत सारखी समोर होती. माणसं येत, वाचत, हिच्या चिठ्ठीशी थांबत आणि तिच्या शेजारची घेऊन जात. दुपारच्या जेवणापर्यंत भिंतीवर तीन उरल्या. संध्याकाळी एक.

सोलापूरहून आलेल्या एकाने तिचा भाग उघडला खरा. त्याने फाइलच्या सुरुवातीला तिचं नाव आणि कृतज्ञतेच्या चार ओळी घातल्या आणि तिला पडद्यावर दाखवल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही हात जोडले.

दौंडला तिच्या भावाकडे मुक्काम होता. तिकडे निघताना रिक्षात ती म्हणाली, "अहो, माझा सत्कार केला हो यांनी." थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या सकाळी विचारतील. उद्याची वेळच प्रश्नांची आहे."

रविवारी पहाटे तिला ताप भरला. या औषधांवर ताप म्हणजे थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भावाच्या जीपमधून पुण्याला नेलं. मी केंदूरच्या मुलाला फोन केला तो एवढ्यासाठी की तुम्ही काम चालू ठेवा, तिचा तसा निरोप आहे. पण अकराच्या सुमारास बाराच्या बारा जण दवाखान्याच्या जिन्यात उभे होते. लॅबला कुलूप लावून आले होते.

"अरे, काम?" मी म्हणालो.

"सर, मॅडम इथं असताना काम कसं करायचं?"

तिला अतिदक्षता विभागात हलवलं होतं. बाकावर केंदूरचा मुलगा माझ्याशेजारी बसला. मी त्याला त्या चुकीचं सांगितलं, नुसतं बोलायला म्हणून. दोन विहिरी, एक जागा.

तो म्हणाला, "दिसली हुती, सर."

"कधी?"

"दिवाळी सरली तवाच. तुमच्याकडनं गेलो त्याच आठवड्यात. हिलाबी दिसली हुती." त्याने दौंडच्या मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवली. "दुरुस्ती पन लिवून ठिवलीय. पन मॅडमची चूक बारा जनांम्होरं कशी काढायची? त्यात त्यांची तब्येत अशी. आमी दोघांनी ठरवलं, बऱ्या झाल्यावर सांगू."

मी उठलो आणि आत सोडा म्हणून सिस्टरना विनवलं. त्यांनी दोन मिनिटं दिली. तिच्या तोंडात नळी होती, औषधाने झोपवलेलं होतं. मी कानाशी जाऊन सांगितलं, दोघांना सापडली, दुरुस्तीपण तयार आहे. दोनदा सांगितलं. तिचा हात हातात होता, त्यावरून मला काही कळलं नाही. ऐकू येत असेल का, असं सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, बोलत राहा, काका.

गुरुवारी ती गेली.

त्या दोघांनी दुरुस्ती पाठवली. पण त्या भागातला कुठलाही बदल मंजूर करायचा तिने, अशीच व्यवस्था होती, आणि ती बदलायची तर कुणीतरी आता हे मी सांभाळतो असं लिहायला हवं होतं. लायब्ररीच्या लोकांनी ईमेलवर तसं विचारलंही. बाराही जणांनी तिच्याविषयी लिहिलं. फार चांगलं लिहिलं, मी छापून ठेवलंय. मॅडमच्या जागी स्वतःचं नाव मात्र कुणी घातलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात नवी आवृत्ती आली, त्यात तो भाग नव्हता.

लॅबची किल्ली मी तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी परत केली. त्याआधी आत जाऊन भिंतीवरची चिठ्ठी काढली. मग जनरेटरवाल्याचं दोन्ही दिवसांचं भाडं चुकतं केलं आणि खाणावळीत गेलो. मावशी म्हणाल्या, "दादा, रविवारची चौदा ताटं झाली व्हती. वाट बघितली. मंग टेशनावरच्या हमालांना वाढली. त्याचं कसलं पैसं घेऊ?"

मी म्हणालो, ताटं आमच्या नावावर झाली होती. रविवारच्या चौदा ताटांचे सहाशे तीस रुपये मावशींना दिले.